एकच धागा, अनेक रायबोझोम आणि आमची कपाशी

प्रतिलेखन, भाषांतरण हे शब्द ऐकायला जड वाटतात. बीड जिल्ह्यातल्या वर्गात हा भाग शिकवताना मी बरीच वर्षं सांगायचो, "रायबोझोम म्हणजे खुरपायला आलेल्या बाया. एकेकीनं पात धरायची अन् मिळून रान उरकायचं." पोरांना पटायचं. उदाहरण मात्र चुकीचं होतं.

खुरपणीत काम वाटून घेतात. रायबोझोम वाटून घेत नाहीत. एम-आरएनएच्या एकाच धाग्यावर ते दिंडीतल्या वारकऱ्यांसारखे एकामागे एक चालतात. तीन अक्षरांचा एक मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला प्रत्येकजण आपापल्या माळेत एक अमिनो आम्ल ओवतो. पुढच्याची माळ लांब, मागच्याची आखूड. थांब्याचा कोडॉन आला की माळ, म्हणजे प्रथिन, सुटते आणि रायबोझोमचे दोन भाग वेगळे होतात. एकाच निरोपावरून अनेक पूर्ण प्रथिनं बनत राहतात. या रांगेला पॉलिसोम म्हणतात. 1963 साली अलेक्झांडर रिच आणि सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिन बनवणाऱ्या पेशींत अशा रांगा दाखवल्या. बहुतेक रांगांत पाच रायबोझोम होते.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. पुढच्या जूनमध्ये शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बीटी कपाशीचे रायबोझोम अळीचं औषध बनवतेत म्हंता, मग आमच्या बोंडात अळी कशी निघाली? झोपले व्हते का ते?"

वर्ग हसला. तो हसला नाही. मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली, आणि रात्री वाचत बसलो.

रायबोझोम झोपले नव्हते. निरोप मूळचा जिवाणूचा, तरी कपाशीचे रायबोझोम तो इमानदारीनं वाचतात आणि विषारी प्रथिन बनवतात. हे प्रथिन अळीच्या आतड्याला चिकटून भोकं पाडतं. काही अळ्यांत चिकटण्याची जागाच बदललेली होती. त्या जगल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. फरदड ठेवल्यानं त्यांना खायलाही मिळत राहिलं. तेव्हा बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची लहान पुडी यायची, ती कडेनं लावायची असायची. तिथं साध्या अळ्या जगतात, बदललेल्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार लवकर पसरत नाही. पण अळीला मुद्दाम चारा कोण लावणार! बहुतेकांनी ती पुडी फेकलीच.

दुसऱ्या दिवशी त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं वहीत पॉलिसोम काढला, माळांची लांबी चढत्या क्रमानं बरोबर दाखवली. मग म्हणाला, "सर, कालच बियाणं आणलंय. पुडी अजून घरीच हाय. अण्णांना काय सांगू?"