कापुआसकाठची पत्रं

पोंतियानाक, सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कापुआस नदीकाठी सुखरूप पोचले. बोर्निओ बेटाचा हा पश्चिम भाग इंडोनेशियाचा. विषुववृत्त या शहरातूनच जातं. तिथे खांब उभारलाय, लोक फोटो काढतात, मीही काढला. हवेला धुराचा वास आहे. 2015 साली देशात सुमारे 26 लाख हेक्टर जळलं, तेव्हा धुरामुळे इथली विमानंसुद्धा खोळंबली होती. कॉफीच्या दुकानात विचारलं तर उत्तर तयार असतं: डोंगरातले दायाक आदिवासी जाळतात! पण आठवडेच्या आठवडे धुमसते ती दलदलीतली कुजकट, काळी माती. कालवे खणून ती सुकवली मुख्यतः तेलताडाच्या आणि कागदासाठीच्या मोठ्या लागवडींनी. गरिबाच्या माथी खापर फोडणं सगळीकडे सोपंच.

उद्या बसने सांगाऊकडे निघते.


सांगाऊजवळचं गाव

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आजोबांच्या वेळच्या कुमरीचं, म्हणजे फिरत्या शेतीचं, तुम्ही सांगायचात, ते इथे समोर चाललंय. जून-जुलैत रान तोडतात, ऑगस्ट-सप्टेंबरात भाजावळ. शेताच्या कडेने पट्टा झाडून स्वच्छ करतात, वारा बघतात, मगच काडी लावतात. झाडांचे बुंधे मात्र मुळासकट काढत नाहीत, कारण पुढचं रान त्यांतूनच फुटायचं असतं. काम सगळं सावडीने. पेरणीला पुरुष ओळीने टोकदार काठ्यांनी भोकं पाडत चढ चढतात आणि मागून बायका चिमटीतून भात सोडत येतात. भोक बुजवायचं नाही, नांगर तर नाहीच. भातातच काकडी, भोपळा, मका. दुपारी भाताची दारू फिरली, तुआक म्हणतात. नाही म्हणायची सोय नव्हती. आईला सांगू नका.

एकदोन पिकं झाली की शेत सोडतात. सोडतात म्हणजे टाकत नाहीत. भातातच रबराची रोपं लावलेली असतात. रान वाढतं, त्याच्या बरोबरीने रबरही वाढतं, आणि काही वर्षांनी पहाटे लोक त्याच जंगलात चीक काढायला जातात.

पण मी हरखले ते तेंबावांग बघून. पूर्वी सगळं गाव एका लांबलचक घरात राहायचं. घराभोवती दुरियान, रामबुतान, मॅंगोस्टीन, फणसाच्या जातीचं चेंपेडाक लावायचे. पुढे घर दुसरीकडे हललं, खांब कुजले, झाडं राहिली. तेच तेंबावांग. घरमालकिणीच्या सासूबाई मला आत घेऊन गेल्या. मला ते निव्वळ घनदाट अरण्य दिसत होतं. त्या मात्र एकेका खोडावर हात ठेवून हे कोणी लावलं, यात कोणाकोणाचा वाटा, ते सांगत होत्या. झाड लावणाऱ्याच्या सगळ्या वंशजांचं. एकट्याने विकायचं नाही, तोडायचं नाही.

त्यातलं तेंगकावांग तुम्हाला आवडेल. पंख असलेलं फळ, दर वर्षी धरत नाही. तीन-चार, कधी त्याहून जास्त वर्षांनी एकदम सगळीकडे बहर येतो. बियांचं तूप काढतात. आपल्या कोकमाच्या भिरंडेलासारखंच, घट्ट, हातात घेतलं की विरघळणारं. गरम भातावर घेतात, आणि परदेशात ते चॉकलेटमध्ये जातं.

सरकारच्या नकाशावर या रानांतलं बरंचसं नुसतं ‘वन’, नाहीतर पडीक. म्हणूनच ते तेलताडाच्या कंपन्यांना देणं सोपं जातं. 2013 मध्ये इथल्या संवैधानिक न्यायालयाने, परंपरेने समाजाकडे असलेलं जंगल सरकारी धरता येणार नाही, असा निकाल दिला. अंमलबजावणी संथ. 2009 च्या पर्यावरण कायद्यात कुटुंबामागे दोन हेक्टरपर्यंत पारंपरिक पद्धतीने जाळायला मुभा आहे, तरी शेजारच्या सिंतांग जिल्ह्यातल्या सहा शेतकऱ्यांवर खटला भरलाच. मार्च 2020 मध्ये ते निर्दोष सुटले.

सगळंच गोड नाही. पोरं शहरात जातात, तेलताडाचा रोख पैसा खुणावतो, आणि जमीन कमी झाल्याने रानाला विश्रांतीही पूर्वीएवढी मिळत नाही. पण इथल्या रबरामागे भात, फळं, सरपण सगळं उभं आहे. आपल्या दोडामार्गात रबर येतं ते डोंगर बोडका करून.

म्हणून विनंती एवढीच. वरकस जमीन रबरासाठी मागायला जो माणूस येतोय, त्याला दिवाळीपर्यंत शब्द देऊ नका. मी आल्यावर बोलू.

तुमची लेक