खडावा आणि एकतर्फी हुकूमनामा

गेल्या आषाढापासून माझी डावी टाच माझ्याविरुद्ध उभी राहिली आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टाकावे, तो टाचेत खिळा शिरल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावलांनी ती ओसरते आणि न्यायालयात तासभर उभे राहिलो, की परत हजर होते. वीस वर्षे फोंड्याच्या न्यायालयात मी इतरांची बाजू मांडीत उभा राहिलो. स्वतःच्या पायांचे म्हणणे ऐकण्याची सवड मात्र कधी झाली नाही. डॉक्टरांनी पाहून सांगितले, की टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जाणारा जो चिवट पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावला आहे. अनवाणी फिरू नका, तळव्याच्या कमानीला आधार द्या, पोटऱ्यांना ताण द्या आणि धीर धरा, असा त्यांचा सल्ला.

ही वार्ता कानी जाताच माझ्या मेहुण्यांनी जर्मनीहून येताना माझ्यासाठी लाकडी तळाच्या चपलांचा एक जोड आणला. "भावोजी, या घाला. चालता चालता व्यायाम होईल," असे त्यांनी बजावले.

अशा चपला ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा एकसंध तळ. टाच बसावी म्हणून मागे खोलगट वाटी, मध्ये कमानीखाली उंचवटा आणि पुढे बोटांच्या मुळाशी एक आडवा वरंबा. वर बकल असलेला चामड्याचा एकच पट्टा. मागून पाय मोकळाच. विल्यम शोल (1882–1968) या अमेरिकन गृहस्थांनी तळपायाला आधार देणारे आपले पहिले साधन 1904 मध्ये काढले. पुढे 1960 च्या दशकात त्यांच्या नावाच्या अशा व्यायामाच्या चपला इंग्लंड-अमेरिकेतील तरुणींच्या पायी दिसू लागल्या. पोटऱ्या सुडौल होतील, हे त्यांचे आश्वासन. त्यामागील युक्ती साधी आहे. चप्पल पायातून निसटू नये म्हणून प्रत्येक पावलागणिक बोटांनी तो वरंबा घट्ट धरावा लागतो. व्यायाम म्हणतात तो हाच.

"ते सारे खरे, पण त्या सुखाच्या आहेत का?" आमच्या सौभाग्यवतींनी नेमका मुद्दा काढला. ज्याचे जळते त्याला कळते, या न्यायाने साक्ष माझ्याच पायांची घ्यावयास हवी होती.

पहिल्या दिवशी ती साक्ष पूर्णतः प्रतिकूल गेली. लाकूड न्यायालयातील बाकासारखे कठीण. पंधरा मिनिटांत बोटे थकली आणि रात्री तळव्यात असा पेटका आला, की दिवा लावून बसावे लागले. तिसऱ्या दिवशी जिन्यावर घोटा मुरगळता मुरगळता वाचला. तेव्हापासून त्या घालून मी जिना चढत नाही. आत्याचा आक्षेप निराळाच होता. "लाकूड सोवळ्यात चालेल रे, पण वरचे चामडे? देवघराच्या बाजूला आणू नकोस हो!" एकाच वस्तूचा अर्धा भाग शुद्ध आणि अर्धा अशुद्ध, असा दावा माझ्यापुढे अद्याप आला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मात्र साक्षीदाराने जबानी फिरवली. पावले आपोआप लहान पडू लागली. तळ वाकत नाही, म्हणून बोटेही मागे वाकत नाहीत आणि तो दुखरा पट्टा कमी ताणला जातो. पुस्तकांच्या खोलीत सपाट फरशीवर उभ्याने कागद चाळताना टाच गप्प राहू लागली. तेव्हा माझा निष्कर्ष असा : कोरड्या, सपाट जमिनीवर अर्धा तास या चपला सुखाच्या आहेत. लांबचा रस्ता, जिना आणि पाऊस यांसाठी त्या नव्हेत. शिवाय ते सुख पहिल्या दिवशी मिळत नाही. मऊ रबरी चप्पल आपल्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावते. लाकूड मान डोलावत नाही. तेथे पायालाच जागे राहावे लागते.

एवढ्यावर हे प्रकरण मिटले असते. परंतु एके दिवशी पहाटे मी त्या चपला घालून ओसरीवरून विहिरीकडे निघालो. खट्, खट्, खट्. आईच्या खोलीवरून जाताना आतून झोपेने जड झालेला आवाज आला, "अहो, उठलात? चहा ठेवू?"

मी जागच्या जागी थांबलो. अण्णांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

अण्णांच्या खडावा शिसवी होत्या, आजोबांच्या वेळेपासूनच्या. तळाला दोन उंच ठोकळे आणि वर अंगठा व शेजारचे बोट यांच्यामध्ये धरावयाची खुंटी. पट्टा नाही, बकल नाही. विहिरीवरील स्नानापासून देवपूजेपर्यंत ते त्या घालीत. घराला पहाट झाल्याची वर्दी त्या आवाजानेच मिळे. 2016 च्या श्रावणात अंगणातील चिऱ्यांवर शेवाळ माजले होते. त्यावरून अण्णांचा पाय घसरला. वय अठ्ठ्याहत्तर. सुदैवाने कोपर खरचटण्यावर निभावले. त्याच सायंकाळी मी खडावा माळ्यावर टाकल्या आणि बाजारातून रबरी चपला आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी चपलांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बरे आहे, वकीलसाहेब."

आयुष्यात त्यांनी मला वकीलसाहेब म्हटले ते त्या एकदाच.

आपण पादुकांपुढे मस्तक ठेवणारी माणसे. नरसोबाच्या वाडीला जातो, गाणगापूरला जातो. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षे नंदिग्रामातून राज्य सांभाळले. विश्वस्ताचे याहून चांगले उदाहरण कोणत्याही कायद्याच्या ग्रंथात मला आढळलेले नाही. आणि मी मात्र जन्मदात्याच्या खडावा माळ्यावर, फुटक्या घंगाळाशेजारी टाकल्या.

माझा निकाल चुकला होता काय? शेवाळलेल्या चिऱ्यांवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने खडावा घालू नयेत, हे मी आजही म्हणेन. परंतु तो निकाल एकतर्फी होता. खडावा म्हणजे जुनी, गैरसोयीची वस्तू, हे मी त्या पायात न घालताच ठरवून टाकले होते. बोटांनी खुंटी धरून चालताना पाऊल कसे संथ, सावध होते. पूजेला बसण्यापूर्वीच मन त्या पावलांबरोबर कसे ठिकाणावर येते, हे अण्णांनी मला सांगितले असते. मी विचारलेच नाही. चिरे घासून घेता आले असते. खडावा केवळ ओसरीपुरत्या ठेवता आल्या असत्या. परक्यांच्या भांडणांत मी अशा तडजोडी रोज घडवून आणतो.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, नवव्या आदेशाच्या तेराव्या नियमान्वये, एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला मुदत आहे तीस दिवसांची. आणि तो अर्ज करावयाचा असतो प्रतिवादीने. माझ्या प्रतिवादीने अर्ज केला नाही. तीन वर्षे रबरी चपला घालून 2019 मध्ये तो निघून गेला.

त्या पहाटे मी शिडी लावून माळ्यावर चढलो. खडावा पुसल्या, ओसरीवर ठेवल्या आणि खांबाला धरून दोन पावले टाकून पाहिली. जर्मन चपलांना निदान पट्टा तरी आहे. येथे सारा भार दोन बोटांच्या पकडीवर. तिसरे पाऊल मला जमले नाही. तेवढ्यात आई दाराशी आली. कितीतरी वेळ ती खडावांकडे पाहत राहिली. मग वाकून तिने उजवीची खुंटी हलवून पाहिली.

"ही सैल झाली आहे," ती म्हणाली. "सुताराला दाखव. मग देवघरात ठेवू."