सव्यसाची

वयाच्या ५४ व्या वर्षी मी धनुष्य हातात धरलं, तेव्हा गावाची चांगली करमणूक झाली. "यंदा दशावतारात राम कोण, ते ठरलं म्हणायचं!" असं शेजाऱ्यांनी कुंपणावरून ऐकवलं. घरातून मात्र एवढंच विचारणं झालं, "आणि चष्म्याचं काय करणार?"

झालं होतं असं. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला लाकडी रिकर्व्ह धनुष्यांची जोडी भेट दिली. रिकर्व्ह म्हणजे ज्याची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात ते. ऑलिंपिकमध्ये दिसणारी साइट, दांडे, वजनं यांतलं यावर काहीच नव्हतं. बांबूच्या धनुष्याला डावं-उजवं नसतं, पण या धनुष्यात बाण टेकवायला एका अंगाला खाच असते. त्यामुळे जोडीतलं एक उजव्या हाताचं निघालं, एक डाव्या हाताचं. "डावं कोण वापरणार?" म्हणून ते मीच कपाटात ठेवायला लावलं होतं.

आमचा जोयडा तालुका म्हणजे काळी व्याघ्र प्रकल्पाचं अंगण. (२०१५ पर्यंत त्याला अणशी-दांडेली म्हणत.) तेव्हा पहिला नियम मी केला, की धनुष्य शाळेच्या आवाराबाहेर जाणार नाही. चिऱ्याच्या उंच बांधापुढे भाताच्या पेंढ्या घट्ट बांधून रचल्या, त्यावर कागद लावला. मुलं "बिल्लु-बाण, बिल्लु-बाण" म्हणत गोळा झाली. आमच्याकडे घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड, पण आरडाओरडा मात्र तिन्हींत.

क्रीडाशिक्षक वयाने माझ्या मुलाएवढे, पण मैदानावर ते गुरू. त्यांनी २५ पौंडांचं धनुष्य दिलं. मला ते पोरकट वाटलं. ते म्हणाले, "सर, जड धनुष्य घेतलं की माणूस नेम धरत नाही, नुसता झुंजतो." दहा पावलांवर उभं केलं. खांदे लक्ष्याला आडवे, तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटं खाली. अंगठ्याला कामच नाही. एकलव्याची आठवण म्हणून भिल्ल तिरंदाज अंगठा लावत नाहीत, असं सांगतात. मला ती कथा शिकवताना दरवर्षी अवघडल्यासारखं होतं, कारण तिच्यातला गुरू मी असतो. असो. दोरी ओढून मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं, दरवेळी तिथेच. साइट नसते तेव्हा तो ओठाचा कोपरा हीच साइट. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. बाणाकडे बघायचं नाही, पण तो नजरेच्या कडेला असतोच. बघायचा तो एक ठिपका. अख्खा कागद बघितला तर बाण अख्ख्या कागदावर विखुरतात. आणि बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडायची नाही, त्याने धनुष्य मोडतं.

पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला दोरी लागून जांभळा वळ उठला. दुसऱ्या दिवशी चामड्याचा पट्टा बांधला. आठवडाभरात बाण एकत्र पडू लागले. पण कुठे? ठिपक्याच्या हातभर डावीकडे. रोज. मी धनुष्याला दोष दिला, वाऱ्याला दिला, चष्म्यालाही दिला.

मग त्यांनी मला हात लांब करून दोन्ही पंज्यांमध्ये लहानशी फट धरायला लावली. फटीतून फणसाच्या झाडावरचं एक फळ बघायचं, आणि एकेक डोळा मिटायचा. डावा मिटला की फणस नाहीसा. "सर, तुमचा डावा डोळा मुख्य आहे. तुम्ही मुळात डावरे आहात का?"

मी ताडकन "नाही" म्हणालो. आणि मग गप्प राहिलो.

तिसरीत असताना गुरुजींनी माझ्या डाव्या हाताच्या पेरांवर फूटपट्टीची धार मारून पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात दिली होती. घरी जेवताना आई डावा हात पदराने बांधून ठेवी. त्यांना वाईट म्हणत नाही, काळच तसा. ती शाळा आज सुपा धरणाच्या पाण्याखाली आहे. वर्षभर मी बोलताना अडखळत असे, हे मात्र आठवतं. पुढे मी इतका उजवा झालो की डावेपण विसरूनच गेलो.

कपाटातलं डावं धनुष्य काढलं. आठव्या बाणाला कागदावरचा ठिपका फाटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं नाही.

कारण अर्जुनाला सव्यसाची का म्हणतात, हे मी तीस वर्षं वर्गात शिकवत आलोय. विराटपर्वात तो उत्तराला आपली दहा नावं सांगतो, त्यांतलं हे एक. गांडीव ओढायला दोन्ही हात सारखेच. सव्य म्हणजे डावा. फळ्यावर हा विग्रह लिहीत असताना, १९९८ साली, पहिल्या बाकावरच्या एका मुलीच्या हातातलं पेन काढून मी दुसऱ्या हातात दिलं होतं. "अक्षर असं काढतात का?" सहामाहीपर्यंत तिला डाव्या हाताने लिहू दिलं नाही. तिचं सुंदर अक्षर बिघडलं, पेपर अपुरे राहू लागले. दहावीनंतर ती शिकली नाही. कारणं आणखीही असतील.

तिची मुलगी आता आमच्याकडे आठवीत आहे. डावखुरी. डावं धनुष्य आता आम्हा दोघांत आहे. आधी ती, मग मी.

जूनमध्ये संमतिपत्रावर सही करायला तिची आई शाळेत आली. मी मनाशी बरंच ठरवलं होतं. म्हणालो, "त्या वर्षी माझं चुकलं, बाई." ती आधी गोंधळली. मग तिला आठवलं असावं, कारण ती खिडकीबाहेर मुलीकडे बघू लागली. मुलगी दोरी ओढून उभी होती.

"कुठे सही करू, सर?" तिने विचारलं.

मी जागा दाखवली. तिने पेन उजव्या हातात घेतलं आणि एकेक अक्षर सावकाश काढलं.