स्टिक अंगाला येईपर्यंत

2025 च्या जून महिन्यात अल ऐन येथे भारतीय महिला संघाने आइस हॉकीच्या आशिया चषकात कांस्यपदक मिळविले आणि त्या संघात लडाखच्या मुली बहुसंख्य होत्या, हे वाचून संपादकांनी मला बर्फावरील स्केट्स व स्टिक यांच्या निवडीविषयी लिहिण्याची आज्ञा केली. गोदावरी-मांजरेच्या काठी बर्फ पडत नाही. परंतु ज्या मैदानी हॉकीच्या साधनांची निवड व डागडुजी यांत माझ्या हयातीचा मोठा भाग गेला, तिच्याही मुळाशी प्रश्न तोच आहे. स्केट घालून सरळ उभे राहिले असता पायाची बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकविताच टाच मागे घट्ट बसून ती मोकळी व्हावीत, इतका सूक्ष्म हिशेब त्या खेळात पाहतात. शिवाय तेथील स्टिक वरच्या टोकाला करवतीने कापून हनुवटीच्या सुमारास आणता येते. आमच्या स्टिकला ही सवलत नाही. मुठीकडून कापलेल्या स्टिकचा तोल डोक्याकडे झुकतो, म्हणून जे काय पारखावयाचे ते खरेदीच्या वेळीच पारखले पाहिजे.

लातूरकडील एका शाळेच्या संघातून आलेली बारा-तेरा वर्षांची एक मुलगी माझ्या मनातून अद्याप जात नाही. तिच्या हाती थोरल्या भावाची 37 इंची स्टिक होती आणि पायांतले बूट पुढे कापूस कोंबून मापाचे केलेले होते. चेंडू घेऊन ती धावू लागली की मुठीचे टोक पोटात रुते. ते चुकविण्यासाठी ती डावे कोपर बाहेर काढून कंबर ताठ करी, त्यामुळे चेंडू पायांपासून दूर जाई, आणि मैदानाबाहेरून तिच्यावर ‘खाली वाक, खाली वाक’ असा सारखा ओरडा होई. मी वडिलांपाशी विषय काढला तेव्हा ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, “सर, पोरगी वाढतीय की, दोन वर्षांत अंगाला येईल.” हंगाम संपण्यापूर्वीच तिने खेळ सोडला. तिचा मनगटी फटका फार सुरेख होता.

लांबी पाहण्याची रीत साधी आहे. बूट घालून उभे राहावे, स्टिक पायाशेजारी उभी धरावी आणि तिचे टोक कमरेच्या हाडाच्या आसपास येते की नाही ते पाहावे. परंतु एवढ्यावर न थांबता गुडघे वाकवून, डावा हात मुठीच्या टोकाशी ठेवून, चेंडू उजवीकडून डावीकडे व डावीकडून उजवीकडे फिरवून पाहावा, कारण उभ्या देहाचे माप आणि खेळत्या देहाचे माप ही एक नव्हेत. वजनाची कमाल मर्यादा नियमाने 737 ग्रॅम आहे, पण मुलांना त्याहून पुष्कळ हलकी स्टिक लागते. स्टिक एका बोटावर आडवी तोलून पाहिली म्हणजे दोन सारख्या वजनाच्या स्टिकांपैकी एक हाताला जड का वाटते हे तत्काळ उमगते. घामाने गुळगुळीत झालेल्या मुठीवर नवी पट्टी चढविताना जुनी अवश्य काढावी. पट्टीवर पट्टी चढत गेली की मूठ जाड होते आणि लहान हाताला उलटी स्टिक वळविता येत नाही.

आता ज्या विषयावर माझे अनेकांशी मतभेद आहेत, त्या बाकाविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. स्टिक सपाट जागी, सपाट बाजू खाली करून ठेवली असता मधल्या भागाखाली जी पोकळी राहते तिला बाक म्हणतात. 2006 साली तिची मर्यादा 50 मिलिमीटरवरून 25 मिलिमीटरवर आणण्यात आली, आणि बाकाचा सर्वांत खोल बिंदू तळापासून 200 मिलिमीटरच्या आत नसावा असाही दंडक आहे. खोल व खालच्या अंगाला असलेला बाक पेनल्टी कॉर्नरच्या ड्रॅग फ्लिकला उपकारक खरा, कारण चेंडू त्या वळणात धरून ओढीत नेता येतो. परंतु साधा फटका मारताना हात किंचित मागे राहिले तरी तीच वक्रता चेंडू उचलते, आणि आमच्या मुरमाड, उंचसखल मैदानावर उचललेला चेंडू समोरच्या मुलाच्या गुडघ्यावर जातो. दूरदर्शनवर पाहिलेली कार्बनची स्टिक नवशिक्याला घेऊन देणे मला सर्वथा अयोग्य वाटते. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधर व मेरठ येथे जो धंदा वाढविला, त्यातील तुतीच्या डोक्याची, वेताच्या मुठीची, अल्प बाकाची लाकडी स्टिक शिकणाऱ्या हाताला चूक तत्काळ कळविते: चेंडू मधोमध लागला नाही तर तळहाताला झिणझिण्या येतात. माझे तरुण सहकारी ह्याला जुना हट्ट म्हणतात. कृत्रिम हिरवळीवर त्यांचे म्हणणे खरे ठरेल, हे मी नाकारीत नाही.

पण हिरवळ कोठे आहे? 1976 च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकपासून हा खेळ कृत्रिम पृष्ठभागावर गेला आणि तो पृष्ठभाग पाण्याने भिजवून खेळण्याची प्रथा रूढ झाली. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे मैदान भिजविण्याची मागणी करण्यास माझी जीभ धजत नाही.

बुटांविषयी लोकांची उदासीनता मला अधिक क्लेश देते. पाय दिवसाअखेर किंचित फुगतात, म्हणून बूट सायंकाळी, खेळावयाचे मोजे घालून, दोन्ही पायांत चढवून घ्यावेत. कठीण मैदानाला बारीक, पुष्कळ रबरी खिळ्यांचा तळ मानवतो. फुटबॉलच्या मोजक्या लांब खिळ्यांनी सारा भार तेवढ्याच बिंदूंवर येऊन वाढत्या वयातील टाच दुखू लागते. सैल बुटात पाय पुढे सरकून नख काळे पडते, आणि कापूस हा त्यावर उपाय नव्हे. डावखुऱ्या मुलासाठी डावी स्टिक मागणारे पालकही दरवर्षी भेटतात. नियमाने चेंडू खेळण्याची सपाट बाजू डावीकडेच असते, तशी वेगळी स्टिक खेळात चालत नाही, आणि वरचा हात डावाच असल्यामुळे डावखुऱ्या मुलाची त्यात काही हानीही नाही.

शालेय खरेदीच्या दरपत्रकात ‘हॉकी स्टिक, नग अमुक’ एवढीच नोंद असते व सारा माल एकाच लांबीचा येतो. 32, 34 व 36 इंच असे तीन रकाने त्यात असावेत, असा अर्ज मी योग्य त्या दफ्तरी दिला आहे. हुकूम अद्याप व्हावयाचा आहे. तोवर, श्री गुरू गोविंदसिंघजी सुवर्ण व रौप्य चषकाची अखिल भारतीय स्पर्धा नांदेडला भरते तेव्हा खालसा हायस्कूलच्या मैदानावर मी असतो. मुलांनी आपली स्टिक आणि खेळावयाचे मोजे बरोबर आणावेत.