ओझं तिचं, ओरड आपली!

‘सरकारी खर्चानं ब्रेस्ट रिडक्शन.’ वाचून पहिलं काय आलं मनात? खरं सांगा हं!

गेल्या महिन्यात मी हा प्रश्न ओळखीतल्या पंधरा-वीस जणांना विचारला. सगळे शिकलेसवरलेले, ऑफिसात जाणारे, ईएमआय भरणारे. निम्मे आधी हसलेच. एकानं ‘म्हणजे आमच्या टॅक्समधून?’ म्हणत कॉफीचा कप खाली ठेवला. एक मैत्रीण म्हणाली, ‘इथे लोकांना वाढवून हवेत आणि तू कमी करायचं काय घेऊन बसलीस!’ विषय संपला. टाइमपास म्हणून ठीक होता म्हणे.

आता दुसरी बाजू ऐका. माझं आजोळ पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. तिथे माझी २३ वर्षांची मामेबहीण पोलीस भरतीची तयारी करतेय. मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय गोळाफेक. ही पहाटे पाचला घाटरस्त्यावर धावते. ‘उजाडल्यावर पोरं बघत उभी राहतात, ताई,’ तिनंच सांगितलं. एकावर एक दोन ब्रा, वर ओढणी गच्च आवळलेली. खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ. पावसाळ्यात स्तनांखाली घामानं पुरळ चिघळतं. मान आणि पाठ तर कायमचीच धरलेली. लावणीत दिवसभर चिखलात वाकून काम केलं की रात्री कुठल्या कुशीवर झोपावं तेच कळत नाही. एका दवाखान्यात दाखवलं, तर वेदनाशामक गोळ्या आणि वर सल्ला, ‘लग्न झालं की होईल सगळं ठीक.’ बोला!

ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा मामी भाकरी थापत होती. ‘देवानं दिलंय त्याला कात्री लावायची? उद्या पोर झालं तर पाजणार कशी?’ मामाचं वेगळंच. ‘सरकारकडं एवढा पैसा आहे, तर आधी दरडी आवरा म्हणावं.’ जुलै २०२१ मध्ये तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर कोसळलेल्या दरडी ज्यानं जवळून पाहिल्यात, त्याचं हे बोलणं हसण्यावारी नेता येत नाही. आणि मामीचा प्रश्नही अडाणीपणाचा नाही. या शस्त्रक्रियेत जादा चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढतात, स्तनाग्र वर सरकवतात. पूर्ण भूल, काही तासांचं काम. व्रण राहतात, संवेदना कमी होऊ शकते आणि पुढे स्तनपानाला अडचण येऊ शकते. म्हणजे हा काही फेशियलचा प्रकार नव्हे. हौसेखातर सहज करून घ्यावं, असं यात काहीच नाही.

मग अडतंय कुठे? शब्दात! ‘कॉस्मेटिक’ म्हटलं की आपल्याला सिनेमातल्या नट्या दिसतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये चेन्नईच्या सरकारी स्टॅन्ली रुग्णालयानं स्तनांच्या सौंदर्य शस्त्रक्रिया मोफत करायचं ठरवलं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. तामिळनाडूचे तेव्हाचे आरोग्यमंत्री सी. विजयभास्कर यांचं म्हणणं साधारण असं होतं, की गरिबांनीच का यापासून लांब राहायचं? सोय नसली तर ते कर्ज काढतील किंवा धोक्याचे मार्ग धरतील. टीकाकार म्हणाले, सरकारनं जीव वाचवावा, रूप नव्हे. या गदारोळात वाढवून घेणारी आणि पाठदुखीनं जेरीला आलेली, दोघी एकाच टोपलीत गेल्या. जेरीला आलेलीचं दुखणं चर्चेतूनच गायब!

आणि ‘आमचा टॅक्स’वाल्यांनो, जरा आपली मेडिक्लेम पॉलिसी उघडा. वगळलेल्या खर्चांच्या यादीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं कलम आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना चालते. नाहीतर तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका आहे, असं डॉक्टरांनी लेखी द्यावं लागतं. रोजची पाठदुखी ‘तातडीची’ कशी ठरवायची? म्हणजे उद्या तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधली मुलगीही याच भिंतीवर आपटणार.

इंग्लंडमध्ये यावर निदान मोजपट्टी तरी आहे. सरकारी खर्चानं शस्त्रक्रिया सरसकट होऊ नये, म्हणून तिथल्या एनएचएसनं २०१८ मध्ये अटी घातल्या. नीट मापाची ब्रा आणि फिजिओथेरपी करून पाहिलेली हवी. बीएमआय २७ च्या खाली आणि वर्षभर स्थिर हवा. एका बाजूनं साधारण ५०० ग्रॅम तरी काढावे लागणार असतील, तरच. अटी कडक आहेत, वादही आहेत. पण प्रश्न विचारला जातो तो ‘दुखतंय का, किती?’ हा. ‘शोभतं का?’ हा नाही.

आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत उपचार मोफत झाले. उत्तम! पण या शस्त्रक्रियेला प्लास्टिक सर्जन लागतो आणि तो भेटतो जे.जे., केईएम, सायनसारख्या ठिकाणी. म्हणजे पोलादपूरहून जवळपास दोनशे किलोमीटर. तिथे आधी भाजलेले आणि अपघातातले पेशंट घेतले जाणार, आणि ते बरोबरच आहे. माझ्या बहिणीचंही तेच म्हणणं, ‘मला पहिला नंबर नको गं. रांगेत तर उभं राहू देतील ना?’

ती रांगेत उभी राहण्याआधीच आपण तिला हसून बाहेर काढतो, मला खटकतं ते हे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वैद्यानं कावसजी नावाच्या माणसाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीनं पुन्हा उभं केलं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याचं वर्णन छापून आलं आणि आजही आपण ते अभिमानानं सांगतो. ‘नाकाशिवायही माणूस जगतोच की,’ असं काही आपण म्हणत नाही. कारण नाक ही इज्जत! मग एखादीला ताठ मानेनं धावता येणं, ही काय चैन आहे?

बहिणीचा निर्णय अजून झालेला नाही. सध्या नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा आणि पाठीचे व्यायाम चालू आहेत, थोडा फरक आहे म्हणते. ऑपरेशन करायचं की नाही, ते ती ठरवेल. तोवर आपल्याला करता येण्यासारखी गोष्ट अगदी बिनखर्चाची आहे. पुढच्या वेळी कॉफीवर हा विषय निघाला, तर हसण्याआधी एवढंच विचारा, ‘दुखतंय का तिला?’