पासाचा हिशेब आणि डोंगरावरची हवा

स्वित्झर्लंडच्या सहलीची आखणी हे वरवर पाहता नकाशाचे काम वाटत असले, तरी त्याचा निम्मा भाग भाड्याच्या हिशेबाचा असतो, आणि त्या हिशेबात सर्वाधिक गैरसमज प्रवासी पासाविषयी आढळतो. सगळ्या गाड्या, बस आणि बोटी फुकट करून देणारा एक पास घेतला की प्रश्न मिटला, असे सहल आखणाऱ्याला सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात पास घेणे म्हणजे काही ठरावीक दिवसांचे भाडे आगाऊ आणि एकरकमी भरणे असते, आणि ते परवडले की नाही हे त्या दिवसांत किती व कुठे फिरणे होणार यावरच ठरते. मुंबईच्या लोकलचा मासिक पास काढणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण दोन स्थानके ठरलेली असतात आणि महिन्याच्या फेऱ्याही साधारण माहीत असतात. आल्प्समधील पासाचे उलट आहे: तिथे मार्गाला मर्यादा नसते आणि फेऱ्यांचा अंदाज नसतो, म्हणून पास निवडण्याआधी स्वतःच्या दिवसांचा आकार कागदावर उतरवणे हेच या कामातले खरे कौशल्य ठरते.

निवड प्रामुख्याने दोन साधनांमध्ये असते. पहिले स्विस ट्रॅव्हल पास, जो सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांसाठी मिळतो आणि त्या काळात देशभरातील रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तलावांवरील नियमित बोटी व शहरांतील ट्राम-बस मोकळ्या करून देतो, शिवाय ५०० हून अधिक संग्रहालयांचे प्रवेशशुल्कही त्यातच येते. दुसरे हाफ फेअर कार्ड, म्हणजे महिनाभर चालणारे असे कार्ड की ज्यावर जवळपास प्रत्येक तिकीट निम्म्या दराने काढता येते. या दुसऱ्या कार्डामागे जुनी स्थानिक परंपरा आहे. निम्म्या भाड्याचे वार्षिक कार्ड स्विस रेल्वेत १८९१ पासून आहे, आणि १९८७ मध्ये त्याची किंमत उतरवून १०० फ्रँक करण्यात आल्यावर ते घरोघरी पोहोचले. आज लाखो स्विस नागरिकांच्या खिशात ते असते. याचा अर्थ असा, की तिथल्या फलकावर छापलेले पूर्ण भाडे हे स्थानिक माणूस सहसा भरतच नाही, ते भरतो तो कार्डाविना आलेला पाहुणा. ही गोष्ट ध्यानात घेतली की पासाची जाहिरात करताना पूर्ण भाड्याशी केलेली तुलना किती फसवी असते ते कळते. पासाची तुलना पूर्ण भाड्याशी करायचीच नसते, ती करायची असते निम्म्या भाड्याशी.

ही तुलना आकड्यांत मांडणे अवघड नाही. २०२४ च्या दरांप्रमाणे दुसऱ्या वर्गाचा पास तीन दिवसांसाठी २४४, चार दिवसांसाठी २९५, सहा दिवसांसाठी ३७९, आठ दिवसांसाठी ४१९ आणि पंधरा दिवसांसाठी ४५९ फ्रँक होता, तर पर्यटकाचे हाफ फेअर कार्ड १२० फ्रँकांना होते. आठ दिवसांचा पास आणि कार्ड यांतला फरक २९९ फ्रँकांचा. कार्डधारकाला प्रत्येक तिकिटाचे निम्मे पैसे भरावे लागतात, म्हणून त्या आठ दिवसांतील प्रवासाचे पूर्ण भाडे ५९८ फ्रँकांच्या वर गेले तरच पास फायद्याचा. सहा दिवसांसाठी हीच सीमा ५१८, चार दिवसांसाठी ३५० आणि तीन दिवसांसाठी २४८ फ्रँक येते. दर वर्षागणिक बदलतात, परंतु रीत बदलत नाही: पासाच्या किमतीतून कार्डाची किंमत वजा करावी, बाकीची दुप्पट करावी आणि आलेला आकडा आपल्या आराखड्यातील भाड्यांच्या बेरजेशेजारी ठेवावा. ही बेरीज करायला रेल्वेचे अधिकृत ॲप पुरते, कारण त्यात कोणत्याही दोन ठिकाणांमधले पूर्ण आणि निम्मे अशी दोन्ही भाडी दिसतात. पंचविशीच्या आतील प्रवाशाला पास सुमारे ३० टक्के स्वस्त मिळत असल्याने आठ दिवसांची सीमा त्याच्यासाठी साडेतीनशे फ्रँकांच्या आसपास उतरते, आणि मग पारडे बहुधा पासाकडे झुकते.

वरचे दर आणखी एका अंगाने वाचता येतात. तीनवरून चार दिवसांवर जाताना वाढीव दिवस ५१ फ्रँकांना पडतो, चारवरून सहावर जाताना दिवसाला ४२, सहावरून आठवर जाताना २०, आणि आठवरून पंधरावर जाताना तर सात दिवस मिळून अवघे ४० फ्रँक. म्हणजे नऊ किंवा दहा दिवसांची सहल असेल तर आठ दिवसांचा पास काढून उरलेल्या दिवसांची सुटी तिकिटे घेणे हे काटकसरीचे वाटले तरी बहुतेक वेळा महागच पडते. याउलट तीन-चार दिवसांच्या पासाचा रोजचा दर इतका चढा असतो, की त्या प्रत्येक दिवशी लांबचा पल्ला नसेल तर तो पदरात पडत नाही. पासाचा दिवस मध्यरात्रीपासून मोजला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे पाचपर्यंत चालतो. त्यामुळे संध्याकाळी विमानतळावर उतरून जवळच्या गावी मुक्कामाला जाणाऱ्याने त्याच दिवशी पास सुरू केला, तर एक आखा दिवस एका छोट्या तिकिटापायी खर्ची पडतो. सलग नव्हे तर महिन्याभरात हवे ते दिवस निवडू देणारा फ्लेक्स पास अशा वेळी सुचवला जातो खरा, पण त्याची किंमत जास्त असते, आणि मध्ये दोनतीन दिवस एकाच गावात डोंगरवाटा चालण्यात जाणार असतील तरच तो विचारात घेण्याजोगा.

इथवर गणित सरळ आहे. ते गुंतते ते शिखरांपाशी, आणि आल्प्सला जायचे ते शिखरांसाठीच. पास कुठपर्यंत चालतो आणि कुठून थांबतो याची नकाशावरील रेघ अनेकांना लहरी वाटते: वेंगेन, म्युरेन किंवा झेरमॅट या मोटारींना मज्जाव असलेल्या गावांपर्यंत तो पूर्ण चालतो, मात्र तिथून वर जाणाऱ्या गाडीत निराळे पैसे मोजावे लागतात. या रेघेमागे बऱ्याच अंशी स्विस सार्वजनिक वाहतुकीचे एक तत्त्व आहे. जिथे वर्षभर किमान शंभर माणसे राहतात अशा वस्तीला जोडणारी वाहतूक ही लोकसेवा मानली जाते आणि तिला सरकारी साहाय्य मिळू शकते. निव्वळ देखाव्यासाठी चढणाऱ्या रेल्वेला वा रोपवेला ते मिळत नाही. अशा कंपन्या आपला खर्च प्रवाशाकडूनच काढतात आणि पासावर किती सवलत द्यायची हेही आपापले ठरवतात. मालवाहू विमानापासून शाळकरी पोरांपर्यंत साऱ्यांना वेळापत्रकात बसवणाऱ्या या देशात डोंगरमाथ्याचा मात्र प्रत्येकाचा कायदा वेगळा, असे म्हणावेसे वाटते.

आखणीच्या दृष्टीने म्हणून शिखरांचे तीन वर्ग पाडावे लागतात. पहिल्या वर्गात रिगी, स्टान्सरहॉर्न आणि श्टोस ही ल्युसर्नच्या परिसरातील ठिकाणे येतात, जिथे ट्रॅव्हल पास थेट वरपर्यंत चालतो. रिगीवर चढणारी फित्स्नाऊची दातेरी रेल्वे, म्हणजे रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवून चढण चढणारी गाडी, १८७१ ची असून युरोपातील पहिली पर्वतीय रेल्वे होय. श्टोसची २०१७ साली सुरू झालेली फ्युनिक्युलर, अर्थात तारदोराने ओढली जाणारी गाडी, ११० टक्क्यांपर्यंतचा चढ चढते. दुसऱ्या वर्गात पिलाटस, टिटलिस आणि गोर्नरग्राट. इथे पास असो वा हाफ फेअर कार्ड, सवलत निम्मीच, त्यामुळे निवडीवर परिणाम शून्य. तिसऱ्या वर्गात मुख्यतः एकच नाव येते, पण ते सर्वांत खर्चिक: ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख. तिथे ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनच्या वर ट्रॅव्हल पासधारकाला केवळ २५ टक्के सूट मिळते, तर हाफ फेअर कार्डवाल्याला ५० टक्के. वरच्या टप्प्याचे जाण्यायेण्याचे पूर्ण भाडे हिशेबापुरते २०० फ्रँक धरले, तर पासवाला १५० भरतो आणि कार्डवाला १००. या पन्नासाच्या फरकाने आठ दिवसांची ५९८ ची सीमा थेट ६९८ वर जाते.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण टिटलिस आणि युंगफ्राउयोख ही दोन नावे त्यांच्या कार्यक्रमातून सहसा सुटत नाहीत. आयोजित सहलीत बस ठरलेली असल्याने पासाचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु जी कुटुंबे आता स्वतःच्या हिमतीवर रेल्वेने फिरतात, ती पुष्कळदा आयोजित सहलीचाच आराखडा उचलतात आणि त्याला ट्रॅव्हल पास जोडतात. ल्युसर्न व इंटरलाकन इथे तळ, एक दिवस टिटलिस, एक दिवस युंगफ्राउयोख, हा आराखडा अंतराने लहान आणि शिखरांनी महाग आहे. त्यातले एक शिखर पासाला तटस्थ, दुसरे प्रतिकूल. रेल्वेचे लांब पल्ले त्यात नाहीतच. अशा सहलीला हाफ फेअर कार्ड हेच बहुतांश वेळा योग्य उत्तर असते, आणि तरीही पासच विकला जातो, कारण तो समजावून सांगायला सोपा. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना आईवडिलांबरोबर मोफत नेणारे फॅमिली कार्ड हे पासाच्या बाजूचे हुकमाचे पान म्हणून पुढे केले जाते. मात्र ते हाफ फेअर कार्डाबरोबरही मिळत असल्याने तुलनेत त्याचे वजन उरत नाही.

ल्युसर्न किंवा एंगेलबर्ग सोडून हलायचेच नसेल, तर तिसरा मार्ग निघतो तो प्रादेशिक पासाचा. मध्य स्वित्झर्लंडच्या टेल पासात पिलाटस व टिटलिस दोन्ही पूर्णपणे समाविष्ट आहेत, त्यामुळे लागोपाठ तीन दिवस तीन डोंगर चढणाऱ्याला राष्ट्रीय पासापेक्षा तो सरस ठरतो. बर्नीज ओबरलँडच्या पासाचे तसेच, फक्त युंगफ्राउयोखचा शेवटचा टप्पा तिथेही वेगळा मोजावा लागतो. शिवाय मुक्कामाच्या हॉटेलात काय मिळते हे आधी विचारलेले बरे: तिचिनो प्रांतात रात्रीच्या मुक्कामाला असलेल्या पाहुण्याला २०१७ पासून त्या प्रांतातील सार्वजनिक वाहतूक मोफत आहे, आणि तिथे चार दिवस राहणाऱ्याच्या खिशातला महागडा पास नुसता पडून राहतो.

हाफ फेअर कार्डाला जोड म्हणून सेव्हर डे पास नावाची चीज आहे. हा एका दिवसाचा देशव्यापी पास सहा महिने आधीपासून मिळू लागतो, आणि जितका लवकर घ्यावा तितका स्वस्त. २०२४ मध्ये कार्डधारकाला तो २९ फ्रँकांपासून मिळत असे. झुरिकहून झेरमॅटला जाण्यासारखा एखादा लांब दिवस या पासावर काढायचा आणि बाकीच्या दिवसांना सुटी निम्मी तिकिटे, अशी सांगड आकड्यांत जवळजवळ नेहमीच जिंकते. तिची किंमत वेगळ्या चलनात चुकवावी लागते: तारीख बांधली जाते आणि पैसे परत मिळत नाहीत. रेल्वेच्या दिवसाला हे चालते, कारण पावसातही झेरमॅट गाठायचेच असते. डोंगरमाथ्याच्या दिवसाला ते चालत नाही. ढगात बुडालेल्या युंगफ्राउयोखवर दिसणारा देखावा घरच्या पांढऱ्या भिंतीपेक्षा वेगळा नसतो, म्हणून शिखराचे तिकीट शक्यतो आदल्या संध्याकाळचा अंदाज आणि त्या सकाळचे वेबकॅमवरील चित्र पाहूनच काढावे.

आणि इथेच ट्रॅव्हल पासाची खरी बाजू मांडावी लागते, जी वरच्या कोणत्याही बेरजेत सापडत नाही. १९८२ मध्ये देशभर लागू झालेल्या समान अंतराच्या वेळापत्रकामुळे बहुतेक मार्गांवर दर तासाला किंवा अर्ध्या तासाला गाडी असते, साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, आणि पासधारकाला फलाटावर जाऊन बसण्यापलीकडे काही करावे लागत नाही. आल्प्सची मुख्य रांग हवेचे दोन भाग करते: उत्तरेच्या वाऱ्याने ल्युसर्नवर ढग दाटले असताना दक्षिणेला लुगानोत ऊन पडलेले असणे ही नेहमीची गोष्ट, आणि २०१६ मध्ये खुल्या झालेल्या ५७ किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड पायथा-बोगद्यामुळे हे ऊन दोन तासांच्या आत आलेले आहे. निम्म्या भाड्याचे कार्ड असलेलाही तिकडे जाऊ शकतो. फरक एवढाच की तो जाण्यापूर्वी भाडे पाहतो, आणि भाडे पाहिल्यावर पुष्कळ माणसे हॉटेलच्या खिडकीतून पाऊस पाहणे पसंत करतात. ज्याला असे ऐन वेळी बेत बदलण्याची आवड आहे, त्याच्या बेरजेत पास थोडा तोट्याचा निघाला तरी त्याने तोच घ्यावा.

उलट स्वभावाच्या माणसाला तोच पास जाचतो. एकदा पैसे भरले की ते वसूल करण्याची घाई सुरू होते; चार दिवस लाउटरब्रुनेनच्या दरीत राहायला आलेला प्रवासी तिसऱ्या दिवशी जिनिव्हाला धावतो, कारण पासात ते फुकट आहे, आणि संध्याकाळी दमून परततो. बर्निना एक्सप्रेससारख्या नामांकित गाड्यांबाबतही असेच घडते. मार्ग पासात येतो, पण सक्तीच्या आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या प्रादेशिक गाडीला ते लागत नाहीत, अनेक डब्यांच्या खिडक्याही उघडता येतात, आणि मध्येच आल्प ग्र्युमला उतरून पुढच्या गाडीने तिरानोपर्यंत जाता येते.

आखणीचा क्रम त्यामुळे असा ठेवणे इष्ट: मुक्कामाची गावे आधी, मग त्यांच्यामधले लांब पल्ले, मग शिखरांची नावे त्यांच्या वर्गासह, मग पावसाच्या एकदोन दिवसांसाठी मोकळी जागा, आणि या सगळ्याची बेरीज झाल्यावर शेवटी पास. बेरीज सीमेच्या पन्नासेक फ्रँक इकडेतिकडे येत असेल आणि सोबत वृद्ध आईवडील वा लहान मुले असतील, तर प्रत्येक बोटीला आणि बसला तिकीट काढण्याचा उपद्व्याप टाळण्यासाठी पास घ्यावा. तरुण जोडप्याने मात्र हाफ फेअर कार्ड घेऊन वाचलेल्या पैशांत आणखी एक डोंगर चढावा. आणि तो युंगफ्राउयोखच असला पाहिजे असे नाही.