मैंदर्गी ते मुंबई : सरळ रेषेची किंमत

१/६
मैंदर्गीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आहे. लोहमार्गाने मात्र मुंबई ते सोलापूर एवढेच अंतर ४५५ किलोमीटर भरते, आणि मैंदर्गी त्याच्याही पुढे, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत. घाट, नद्या आणि वळणे वगळून उरते ते हवाई अंतर. ते कोणी चालून पाहिलेले नाही. मग ते कळले कसे?

२/६
पूर्वी अंतर कोसांत आणि मजलांत सांगत. कोस प्रांतागणिक लहानमोठा होई. मजल तर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखी राहत नसे. वाटसरूला किती दिवस चालायचे हे हवे होते. सरळ रेषेशी त्याला कर्तव्य नव्हते.

३/६
ती रेषा त्रिकोणांतून आली. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ आधाररेषा मोजण्यास प्रारंभ केला. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात, आणि मिळालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा आधार होते. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर चढवत ही साखळी उत्तरेकडे सरकली. १८२२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांनी बीदरच्या बाजूने मुंबईकडे तिची शाखा सुरू केली. साधारण अठराव्या अक्षांशालगतची ही माळ म्हणजे सोलापूरचाच शेजार.

४/६
हेतू निव्वळ ज्ञानाचा नव्हता. कंपनीला जिंकलेला मुलूख नकाशात हवा होता. किंमत माणसांनी मोजली. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तेथेच आहे. एव्हरेस्ट तापाने खंगले, तरी १८६५ मध्ये जगातील सर्वोच्च शिखराला त्यांचे नाव मिळाले. निशाणे धरून टेकड्यांवर उभ्या राहिलेल्या खलाशांची नावे मात्र कोणत्याही नकाशावर नाहीत.

५/६
या मोजणीतून पृथ्वीचा आकार अधिक नेमका कळला, आणि गोलावरील दोन शहरांतील किमान अंतर विश्वासाने काढता येऊ लागले. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर; सुएझमार्गे जहाजाला साडेअकरा हजारांच्या आसपास पडतात. मुंबई–न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर. सपाट नकाशावर ही वाट उत्तर आफ्रिकेवरून जाईल असे वाटते; प्रत्यक्षात सर्वांत जवळची रेषा उत्तर युरोपवरून वळते.

६/६
तरीही विमानाला ती रेषा क्वचितच मिळते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. घाट आणि नद्या टाळता आल्या. सीमा टाळता आल्या नाहीत. हवाई अंतराचा आकडा वाचताना हे दोन्ही स्मरावे: तो मोजताना गेलेली माणसे, आणि त्या रेषेवरून जाऊ न देणारीही माणसेच.